चिमीचा दात

आमच्या घरात तीन वर्षं दोन दारं एकदम कधी उघडली नाहीत. एक घराचं मागचं, परड्यात उघडणारं, आणि दुसरं परड्याच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोपटाचं. खोपटात वाघ्या असायचा आणि घरात चिमी. वाघ्या बाहेर असला की घराचं मागचं दार आतून कडी घालून बंद. चिमीला परड्यात जायचं असलं की वाघ्या खोपटात, आणि खोपटाला बाहेरून आडणा. आई भांडी घासायला मागं निघाली तरी आधी ओरडून विचारायची, "शाले, आत हाय का भाईर?" मी "आत हाय" म्हटल्याशिवाय तिचा हात कडीला लागत नसे. हा प्रश्न दिवसातून वीस वेळा व्हायचा. अजून कधी कुणी कडी वाजवली की माझ्या तोंडातून "आत हाय" निघून जातं, आणि सुना एकमेकींकडं बघतात.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीपासून एसटीनं पाऊण तासावर. घर गावाबाहेर उसातच होतं. पुढं सोपा, मध्ये माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागं परडं. नदीवरच्या इंजिनाचा ठोका दिवसभर कानावर असायचा आणि हंगामात गुऱ्हाळाचा गोड, थोडा करपट वास कपड्यांना लागायचा. घरात आबा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि आक्का. आक्का आबांची थोरली बहीण, माझी आत्या. ती लवकर विधवा होऊन माहेरी परतली. आबा तिला आक्का म्हणायचे म्हणून आम्ही सगळेच आक्का म्हणायचो. देवघर तिच्याकडं, चूल आईकडं, आणि दोघींमध्ये मी.

चिमी आक्काची. तांबूस रंगाची कुत्री, मांजरापेक्षा जरा थोराड, उंदीर धरायला म्हणून आणलेली. उंदीर तिनं किती धरले ते देव जाणे, पण घर मात्र धरलं. आबांची खुर्ची, चुलीजवळचा कोपरा, आक्काचं अंथरूण, सगळं तिचं. मी सांगतेय त्या काळात ती अकरा वर्षांची होती. पुढचे दात पडले होते, सुळे तर कधीच गेले होते, मागच्या दोन-तीन दाढा तेवढ्या उरलेल्या. आक्का तिला दुधात भाकरी कुस्करून द्यायची आणि आधी स्वतः बोटानं चाचपून बघायची, कुठं कडक तुकडा राहिला नाही ना. दात गेले तरी तोरा गेला नव्हता. दारात पाहुणा आला की ती त्याच्या धोतराला बोळक्यानं धरायची आणि आक्काला त्याचं भारी कौतुक.

वाघ्याला आणलं माझ्या धाकट्या चुलत्यांनी, नानांनी. नाना फौजेत हवालदार होते, पंजाबात. एका सुट्टीला आले ते मिरजेपर्यंत रेल्वेनं, साखळीला आठ-दहा महिन्यांचं एक बुली जातीचं पिल्लू घेऊन. पिल्लू म्हणायचं आपलं. आल्या दिवशी त्याची पाठ माझ्या मांडीला लागत होती आणि डोकं पाटीएवढं. उसात रानडुकरं शिरायची, नदीवरच्या इंजिनाचे भाग चोरीला जायचे, म्हणून आणलंय असं नाना म्हणाले. मला वाटतं, त्यांना ते आवडलं म्हणून आणलं आणि कारणं गाडीत बसल्यावर शोधली. त्याचं नाव त्यांनी टायगर ठेवलं होतं. आक्कानं दारातच त्याला बघून पदर तोंडाला लावला.

"ह्ये कुत्रं हाय? ह्यो तर माणूस खाईल!"

"खात न्हाई आक्का. गरीब हाय त्यो."

"गरीब असू दे न्हाईतर सावकार. माझ्या चिमीला एका घासात गिळंल त्यो."

आबांनी कुत्र्याभोवती एक फेरी मारली. आबा कमी बोलायचे, आणि एकदा बोलले की ते बदलायचं नाही. ते म्हणाले, "नाना, आणलंस तर राहू दे. पर ध्यानात ठेव. माणसाला ह्येचा दात लागला, तर त्या दिशी मी ह्येला ठेवणार न्हाई. बंदूक हाय घरात." डुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक सोप्यात खुंटीला टांगलेली असायची. नाना नुसतं "व्हय दादा" म्हणाले. मला तेव्हा चौदावं लागलं होतं. त्या दोघांमध्ये उभी राहून मी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि ते माझं कोपर चाटत होतं. त्या क्षणापासून ते माझं झालं. असं कुणी ठरवलं नाही, मला विचारलंही नाही.

सुट्टी संपेपर्यंत नानांनी मला पढवलं. फौजी माणूस, प्रत्येक गोष्टीची ऑर्डर. रोज पहाटे नदीपर्यंत दोन हेलपाटे, कारण दमलेलं कुत्रं शहाणं असतं. खायला घालताना दुसरं कुत्रं नजरेच्या टप्प्यात नको, आणि साखळी झाडाला हवी, हातात नको. परड्यात हाडूक, कण्या, भाकरीचा तुकडा पडू द्यायचा नाही. चिंचेच्या झाडाला त्याची साखळी बांधायची आणि ती जिथवर पोचते तिथं जमिनीवर गोल चुन्याची रेघ मारायची. "ही बॉर्डर," नाना म्हणाले. "रेघ पुसली की पुन्ना मारायची. आळस न्हाई चालणार." मग त्यांनी बाभळीच्या लाकडाची एक पाचर तासली, वीतभर लांब, एका टोकाला बोथट निमुळती. गोणपाटाचं गाठोडं वाघ्याच्या तोंडात देऊन त्यांनी मला दाखवलं. त्यानं एकदा धरलं की ओढायचं नाही, मारायचं नाही, ओरडायचं नाही. पाठीवर मांड टाकायची, पट्टा आवळून धरायचा, आणि दाढांच्या मागं पाचर सरकवून पिरगाळायची. जबडा सुटतो.

"शालन, ह्यो वाईट न्हाई," ते म्हणाले. "पर धरल्यालं सोडायचं ह्येला जमत न्हाई. जातच तशी हाय. त्येचा राग करायचा न्हाई, आपुन हुशार राहायचं. ही पाचर कवा लागू नये. पर मागल्या दाराशेजारी टांगलेली पायजे म्हंजे पायजे."

पाचर तीन वर्षं त्या खुंटीवर राहिली. चिमी मात्र रेघ शिकली. वाघ्या साखळीला असताना माझी नजर चुकवून ती खिडकीतून परड्यात उतरायची आणि रेघेच्या बाहेर वीतभर अंतरावर बसून त्याच्यावर भुंकायची. तो साखळी ताणून उभा, दोघांच्या मध्ये पांढरी रेघ. मी धावत जाऊन तिला उचलायची तेव्हा ती माझ्या हातात ऐटीत शेपूट हलवत असायची. घरातल्या बायकांना मी सतरा वेळा सांगायची, खिडकी लावा. आई म्हणायची, "मग धूर कुठनं जाणार?"

माझ्या नातवानं परवा रॉटवायलर आणला. तो कुपवाडला कारखान्यात नोकरीला आहे, घरात आधीचं एक पॉमेरियन आहे. "आजी, मी सगळं मोबाइलवर बघितलंय," म्हणाला. मी त्याला एवढंच विचारलं, दारं किती आहेत? त्याला वाटलं म्हातारी बरळतेय.

सगळ्यात अवघड काळ म्हणजे आक्का वाघ्याला घाबरत होती तो, असं मला तेव्हा वाटायचं. आता उलटं वाटतं. तिला भीती होती तोवर चिमीला धोका नव्हता, कारण आक्का दहा वेळा कडी तपासायची. पण हळूहळू तिची भीती गेली. आमचं कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. एकदा उसातून आलेलं डुक्कर वाघ्यानं हुसकलं आणि त्याच दिवशी आक्काच्या देवघरातला दिवा वाऱ्यातही तेवत राहिला होता म्हणे. तिनं दोन्हीची सांगड घातली. टायगरचा वाघ्या झाला तो तेव्हापासून. मग ती खोपटापाशी जाऊन त्याच्या कपाळाला हळदीचा भंडार लावू लागली. "देवाचं जनावर हाय ग," म्हणायची. तोही मान खाली घालून उभा राहायचा. मला आनंद झाला होता. माझ्या कुत्र्याला घरानं आपलं म्हटलं याचा मला इतका आनंद झाला होता की त्यातलं वाईट मला दिसलं नाही.

चंपाषष्ठीला आमच्या घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य असायचा. नवी वांगी चुलीत भाजलेली, कांद्याची पात, बाजरीचे रोडगे. देवाला दाखवला की ते ताट परड्यात तुळशीपाशी ठेवायचं आणि कुत्र्यानं त्याला तोंड लावल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही रीत. अकरा वर्षं ते ताट चिमीचं होतं. तिला तो दिवस कळायचा. येळकोटाचा गजर झाला की ती तुळशीपाशी जाऊन बसायची. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी आक्का म्हणाली, "औंदा पयला घास वाघ्याचा." मी नको म्हटलं नाही. मी बेत केला आणि तो मला चांगला वाटला. चिमीला माजघरात ठेवायचं, मागचं दार लावायचं, मग मी वाघ्याला साखळीनं हातात धरून आणीन, त्याला एक घास दिला की परत खोपटात. सगळे नियम पाळले जातात असं मी स्वतःला सांगितलं. खायला घालताना साखळी चिंचेलाच हवी, हातात नको, हा एक नियम मी सोयीनं विसरले. कारण मामा आले होते.

मामा म्हणजे आईचे भाऊ, जावळीतल्या मेढ्याचे. आदल्या दिवशी आल्यापासून ते माझी थट्टा करत होते. "पोरीच्या जातीनं कुत्र्याच्या मागनं पळायचं? आन ह्ये काय, बंद करून ठेवलंय! आमच्याकडं डोंगरात बिबट्या फिरतोय, पर आमी दारं उघडी टाकून झोपतो." मला ते लागलं होतं. वाघ्या माझ्या एका शब्दावर बसतो, एका शब्दावर उठतो, हे मला त्यांना दाखवायचं होतं. चारचौघांत दाखवायचं होतं. खरं कारण हेच, बाकी सगळं मी नंतर रचलेलं.

सणासाठी आदल्या आठवड्यात भिंतींना चुना दिला होता. खुंट्या काढून पुन्हा ठोकल्या होत्या, पण पाचर पुन्हा टांगायचं राहून गेलं. मी बघितलं नाही. आई दोन्ही हातांत भांडी घेऊन सारखी आत-बाहेर करत होती. मागचं दार आपोआप मिटतं म्हणून वैतागून तिनं कोपऱ्यात पडलेलं एक लाकूड घेतलं आणि दाराखाली सरकवलं. ते लाकूड म्हणजेच ती पाचर. मी खोपटाकडं गेले तेव्हा तिला ओरडून विचारलं होतं, दार लावलं का? आणि पाहुण्यांच्या गलक्यात कुणाचा तरी "व्हय" ऐकू आला होता. कुणाचा होता तो, मला अजून ठाऊक नाही.

भर दुपार होती. आक्कानं ताट तुळशीपाशी ठेवलं, मी वाघ्याला घेऊन चार पावलांवर बसवलं. बस म्हटलं, बसला. मामांनी "अरं तिच्यायला!" म्हणून मान डोलवली आणि माझी छाती फुगली. मग मला ते दार दिसलं. सताड उघडं. आणि दारातून चिमी चालत येत होती, सावकाश, स्वतःच्या ताटाकडं. वाघ्याच्या मानेवरचे केस माझ्या हाताखाली उभे राहिले. त्या क्षणी मी त्याला ओढून मागं न्यायला हवं होतं. तेवढा वेळ होता. मी आक्काकडं बघितलं.

"आक्का, चिमीला उचल," मी म्हटलं.

"यिऊ दे ग," आक्का म्हणाली. तिचा चेहरा अगदी प्रसन्न होता. "देवाच्या ताटात भांडान नसतंय. दोघं बी त्येचीच."

आणि मी थांबले. मामा बघत होते म्हणून थांबले. चिमीनं ताटाला तोंड लावलं, मान वर करून वाघ्याकडं बघितलं आणि गुरगुरली. साखळी माझ्या हातातून गेली, हाताची सालं घेऊन गेली.

आवाज फार झाला नाही. बुली भुंकत नाही. त्यानं तिला मानेखाली खांद्याशी धरलं आणि तो धरूनच उभा राहिला, जसा गोणपाटाला धरायचा. ओरडत होतो आम्ही. मामांनी कोपऱ्यातला कोयता उचलला. मी "मारू नका, वडू नका!" म्हणत वाघ्याच्या पाठीवर मांड टाकली, पट्टा आवळला आणि ओरडले, "आई, पाचर! पाचर दे!" आई खुंटीकडं धावली. खुंटी रिकामी. ती भिंतीवर हात फिरवत राहिली, जणू पाचर चुन्याखाली गेली असावी. ती तिच्या पायाशी होती, दाराखाली. मला दिसत होती, आणि माझ्या तोंडातून "खाली" हा एक शब्द निघायला किती वेळ लागला ते मी आजही मोजू शकत नाही. तेवढ्यात आक्का खाली बसली आणि तिनं आपला उजवा हात वाघ्याच्या तोंडात घातला, जबडा उघडायला. त्यानं पकड बदलली. त्याचा सुळा आक्काच्या अंगठ्याच्या मुळाशी गेला, मी हातभर अंतरावरून बघितला. मग आईनं पाचर दिली, मी ती दाढांमागं घातली, पिरगाळली, आणि जबडा सुटला. नानांनी शिकवलं तसंच झालं सगळं. फक्त उशिरा.

मी वाघ्याला खोपटात घालून आडणा लावला. तो कोपऱ्यात जाऊन बसला आणि माझ्याकडं बघून त्यानं शेपूट आपटली. परत आले तर आक्का तुळशीपाशी चिमीला मांडीवर घेऊन बसली होती. आई देवाचा भंडार मूठभर घेऊन आक्काच्या हातात दाबत होती, आणि पिवळ्यातून लाल वर येत होतं. चिमी दोन-चार श्वास घेऊन गेली. आक्का रडली नाही. तिनं चिमीच्या तोंडाला लागलेलं भरीत पदरानं पुसलं.

आरडाओरडा ऐकून आबा गुऱ्हाळावरून धावत आले. त्यांनी आधी आक्काचा हात बघितला. "कुणी चावलं?"

"त्यो सैतानच की दाजी, दुसरं कोन!" मामा म्हणाले.

आबा सोप्याकडं वळले. बंदूक तिकडंच होती. माझ्या तोंडातून ते कधी निघालं मला कळलंच नाही. "चिमीनं चावलं!" मी ओरडले. "आबा, वाघ्यानं न्हाई! आक्का तिला सोडवाय गेली आन चिमीनं घाबरून चावलं. मी बघितलं!"

"कुत्र्याचा पुळका आलाय पोरीला," मामा म्हणाले.

आबा थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आक्काकडं. "आक्का?"

आक्का मांडीवरच्या चिमीकडं बघत राहिली. आई मध्ये पडली, "आवं आदी वन्संस्नी सांगलीला न्या, हात सुजाय लागलाय." आबा म्हणाले, "आलोच. आल्यावर बघतो त्येचं." चिमीला त्यांनी स्वतः चिंचेखाली पुरलं, भराभर, आणि आम्ही तिघं एसटीनं निघालो. पाऊण तास आक्का खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या शेजारी बसून एकच विचार करत होते, ही बोलली की वाघ्या संध्याकाळपर्यंत संपला. तिच्या हाताची मला काळजी वाटत नव्हती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

सांगलीच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी जखम धुतली आणि समजावून सांगितलं. चावलेलं कुत्रं जिवंत असेल तर त्याला बांधून दहा दिवस लक्ष ठेवा. ते ठणठणीत राहिलं तर काही करायला नको. पण कुत्रं मेलं असेल तर त्याला काय झालं होतं ते कळायला मार्ग नाही. मग चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील, रोज एक, पोटात. "दुखतात," ते म्हणाले. "तेव्हा नीट सांगा. कुठलं कुत्रं चावलं?"

आबा पुढं झाले. "आक्का, नीट आठव," ते हळू म्हणाले. "घाई न्हाई. वाघ्या जित्ता हाय."

आबांनी तिच्यासाठी दार उघडून दिलं होतं. एक खरं वाक्य आणि सुया टळल्या असत्या. आक्कानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं. मी जमिनीकडं बघितलं. मी लहान होते, हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला दिलं. आता देत नाही.

"धाकटीनं चावलं," आक्का म्हणाली. "माझ्या चिमीनं."

"ती कुठं आहे?"

"गेली."

डॉक्टरांनी पुन्हा जखम बघितली. "एवढ्याशा कुत्रीचा दात एवढा खोल गेला?"

"लय तापट हुती," आक्का म्हणाली आणि लुगड्याची गाठ सैल करायला लागली.

चौदा दिवस मी शाळा बुडवून तिच्याबरोबर सांगलीला गेले. सकाळची एसटी, दवाखान्यातलं बाकडं, बेंबीच्या एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला सुई. चौथ्या दिवसापासून तिच्या पोटावर लिंबाएवढ्या गाठी आल्या. एसटी खड्ड्यातून गेली की ती डोळे मिटून घ्यायची. घरी आली की परड्याकडं पाठ करून बसायची. वाघ्याला तिनं एकदाही बघितलं नाही, आणि खोपटातून त्याचा आवाज आला की ती उठून माजघरात जायची. बंदूक खुंटीवरच होती. आबा बंदुकीकडंही बघत नव्हते आणि माझ्याकडंही.

सातव्या दिवशी माझ्यानं राहवेना. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. आक्कानं फुटाण्याची पुडी उघडली होती आणि डाव्या हातानं ती एकेक दाणा उचलत होती. मी रडायला लागले. "आक्का, आपुन खरं सांगू या. मी सांगते डॉक्टरास्नी. वाघ्या चांगला हाय, सात दिस झालं. सुया थांबतील तुझ्या."

"थांबतील," ती म्हणाली. "आन तुझा बाप बंदूक काढंल."

"काढू दे."

"गप बस!" ती एकदम ओरडली, इतकी की पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायका वळल्या. मग ती हळू बोलू लागली. "साखळी कुणाच्या हातात हुती? तुझ्या. दार कुणी उघडं टाकलं? तुझ्या आईनं. आन यिऊ दे कोन म्हनलं? मी. अकरा वर्सं माझ्या कुशीत झोपल्यालं लेकरू, आन मी म्हनलं यिऊ दे. आपुन तिघींनी मारली चिमी. गोळी त्या मुक्या जनावरानं खायाची व्हय?"

मी डोळे पुसले.

"आन येक ध्यानात ठेव," ती म्हणाली. "मी त्येला माफ केल्यालं न्हाई. मला त्येचं त्वांड बघवत न्हाई. माया आली म्हनून मी सुया घेत न्हाई. माझं हाय ते मी भोगतीया." तिनं उरलेले फुटाणे माझ्या ओंजळीत ओतले. "खा. तुज्या बी पोटात कालपासनं काय न्हाई."

चौदाव्या दिवशी सुया संपल्या. वाघ्या खोपटात राहिला, दारांचा नियम राहिला, पाचर खुंटीला पक्की बांधली गेली. चिमी नसताना नियमाचं काय काम, असं कुणीच विचारलं नाही.

उन्हाळ्यात नाना सुट्टीवर आले. पत्रातून त्यांना एवढंच कळलं होतं की चिमी गेली आणि आक्काला चावलं. आल्या आल्या ते खोपटाकडं गेले नाहीत. सोप्यात आक्कापुढं बसले आणि तिचा उजवा हात त्यांनी हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी खोल, गोल, जांभळट व्रण होता. नानांनी त्यावर बोट ठेवलं. फौजेत जखमा बघितलेला माणूस.

"कुणी चावलं म्हनतीस?"

"चिमीनं."

"आक्का, चिमीला दात कुठं हुतं?"

आई दारात परात घेऊन तशीच उभी राहिली. माझ्या एका ओरडण्यावर चार-पाच महिने उभं राहिलेलं सगळं आता कोसळणार होतं. आबा खुर्चीत बसून पानाला चुना लावत होते, बंदुकीच्या अगदी खाली. माणसाला दात लागला तर त्या दिवशी ठेवणार नाही, हे ते याच जागी म्हणाले होते.

आक्का नानांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "हुता येक."

मग आबांनी पान दुमडलं आणि मान वर न करता ते म्हणाले, "हुता. पुरताना मी बघितला."

नानांनी आक्काचा हात कपाळाला लावला आणि सोडला. आक्का उठली, तांब्या भरून पाणी आणायला आत निघाली. दारात थांबून तिनं मागं वळून बघितलं, पहिल्यांदाच परड्याच्या दिशेनं.

"शाले, मागलं दार लाव आदी," ती म्हणाली. "मग त्येला सोड. नाना आलाय न्हवं त्येचा."